हातमोज्यातला हात

आमच्या सौ.चे मोठे मामा जन्माला आले तेव्हा लगेच रडले नाहीत. त्यांनी आधी सुईणीकडे संशयाने पाहिलं आणि मग दुसरा इलाज उरला नाही म्हणून रडले, असं त्यांच्या घरात सांगतात. मामांना ओळखणाऱ्या कुणालाही ही गोष्ट खोटी वाटत नाही. इतकी वर्षं बडोद्यात काढल्यावर माझं मत असं झालं आहे की या शहराच्या वाट्याचा सगळा संशय मामांनी एकट्याने उचलला आहे, म्हणून तर बाकीचं बडोदं 'चालशे, वांधो नहीं' म्हणत सुखाने फाफडा खात बसू शकतं. मामांचा दुधावर संशय, दूधवाल्यावर संशय, आणि दूध चांगलं निघालं तर त्याच्या हेतूवर संशय. खंडेराव मार्केटात एका भाजीवालीने त्यांना कधीतरी आपणहून सांगितलं, "काका, ताजी छे." मामांनी हातातलं वांगं टोपलीत परत ठेवलं. "मी विचारलं होतं का? न विचारता ताजी म्हणाली म्हणजे कालची." असं चार-पाच वेळा झाल्यावर त्या बाईनेच तोडगा काढला. मामा लांबून दिसले की ती ओरडते, "काका, आजे बधुं वासी छे!" म्हणजे आज सगळं शिळं, आणि मामा प्रसन्न चेहऱ्याने किलोभर वांगी घेऊन घरी येतात.

माझ्यावर त्यांचा संशय होताच. मी मूळचा साताऱ्याचा. सौ.कडची मंडळी मला बघायला आली तेव्हा शिक्षण, नोकरी, पत्रिका हे प्रश्न इतरांनी विचारले. मामांनी चहाचा कप न उचलता विचारलं, "गॅसची नळी कधी बदलली?" मला उत्तर येईना, आईला येईना. मामा उठले, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली वाकून नळीवर छापलेलं साल वाचून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा चालेल. नळी नाही चालणार." लग्नाची तारीख ठरायच्या आधी आमच्याकडे नवी नळी आली. पुढे विमा कंपनीतली माझी बदली बडोद्याला झाली, सासरचा गोतावळा हाकेच्या अंतरावर आला, आणि त्यांचं मराठी सुधारण्याचं काम मी, कुणी सांगितलेलं नसताना, अंगावर घेतलं. मामांचे पूर्वज संस्थानच्या पागेत शिलेदार होते. घरात मराठी, शाळा गुजराती, अशी या घराची तीन पिढ्यांची रीत. त्यामुळे मामा खिडकीला 'बारी' म्हणतात, दमले की 'थाकतात' आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'ने' लावतात. मी म्हणायचो, "मामा, बारी नव्हे, खिडकी." मामा म्हणायचे, "हो ने! पण बारी उघडली तरी हवा तीच येते ने?" तरी मी सुधारणं सोडलं नाही. शुद्ध मराठीचा तोरा हा माझ्या स्वभावातला दोष आहे हे मला माहीत आहे. तो तेव्हा मला गुण वाटत होता.

मामांची सगळी नोकरी शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात झाली. त्या कारखान्याचं नाव ते घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही. सुरुवातीची काही वर्षं ते पाळीवर होते आणि नंतर निवृत्त होईपर्यंत सुरक्षा विभागात. तिथे त्यांनी संशयाला नियमांची जोड दिली. एका मॅनेजरच्या निरोप समारंभाचा मांडव त्यांनी ऐन भाषणात रिकामा करायला लावला, कारण बाहेर पडायला एकच वाट होती. मॅनेजरांनी उरलेलं भाषण पटांगणात, डोक्यावर रुमाल धरून पुरं केलं. "रागावले असतील," मी म्हणालो. "रागावले ने. पण रागावून का होईना, जिवंत घरी गेले," मामा म्हणाले. घरीसुद्धा नियम तेच. मामी म्हणतात, "माझं लग्न माणसाशी नाही झालं, सूचनाफलकाशी झालं."

असा माणूस भुताखेतांच्या व्हिडिओ गेमच्या नादी लागेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. झालं असं की निवृत्तीनंतर मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने घरात बसायची पाळी आली. बंगलोरला नोकरी करणारी त्यांची मुलगी टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेऊन आली, सोबत क्रिकेटचा खेळ. मामांनी क्रिकेट दोन दिवसांत बाद केलं. "मॅच आधीच फिक्स असते. हे यंत्र ठरवतं मी कधी आउट व्हायचं." मग त्याच यंत्रात मुलीचा एक जुना खेळ सापडला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कंपनीची माणसं सगळीकडचं सगळं वाचत असतात असं मामांचं म्हणणं आहे. परदेशातला एक बंद पडलेला कारखाना. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथे अपघात होऊन एक ऑपरेटर मेला आणि आता इतक्या काळाने तिथे आलेला तपासनीस म्हणजे आपण. पाइपांच्या जंगलातून काहीतरी पाय ओढत आपल्या मागे येतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठलो. मामा मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बोट रोवून बसले होते. "बघा, जावईबुवा, हा नट ढिला आहे. या लोकांनी कारखाना बघितलाय. भूत येईल तेव्हा येईल, घात हा नट करणार."

त्या खेळाच्या मध्यावर एक प्रसंग आहे आणि मामांची पुढची तीन वर्षं त्या एका प्रसंगात अडकली, म्हणून तो नीट सांगायला हवा. अचानक काळ मागे जातो. अपघाताचा दिवस. पडद्यावर फक्त हातमोजा घातलेला एक हात आणि त्याच्यासमोर व्हॉल्व्हचं गोल चाक. आपण बटण दाबलं की तो हात चाक फिरवतो, खालून एका माणसाची किंकाळी येते आणि पडदा पांढरा होतो. तो हात कोणाचा हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. जगभरच्या चाहत्यांत यावर दोन तट. बहुतेकांचं म्हणणं, हात त्या ऑपरेटरचाच. डोकं फिरलं, स्वतःच वाफ सोडली, स्वतःच मेला आणि आता भूत होऊन इतरांना धरतोय. मामांचं म्हणणं उलट. "तो हात दुसऱ्याचा आहे. खाली असलेला माणूस वरचं चाक कसं फिरवेल? त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही." हे ते इतक्या कळकळीने सांगत की मामी स्वयंपाकघरातून विचारत, "तो तुमचा मावसभाऊ लागतो का?"

खेळ खेळायचीसुद्धा त्यांची एक पद्धत होती. कारखान्यात बंद जागी माणूस उतरला की तोंडाशी दुसरा माणूस उभा ठेवतात, त्याने आतल्याला मधूनमधून हाक मारायची आणि उत्तर आलं नाही तर बोंब ठोकायची. मामांनी हा नियम दिवाणखान्यात आणला. वेळ दुपारची, पडदे उघडे, दिवे लावलेले, आणि दाराशी खुर्ची टाकून 'बाहेरचा माणूस'. आधी हे काम मामींकडे होतं, पण त्या हाक न मारता "चहा घेणार का" विचारतात, ते नियमात बसत नाही, म्हणून दर शनिवारी माझी नेमणूक झाली. दर दहा मिनिटांनी मी म्हणायचं, "मामा?" आणि आतून यायचं, "ठीक." एकदा वर्तमानपत्र वाचता वाचता माझा डोळा लागला. मामांनी खेळ थांबवला, बाहेर येऊन माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलेली कारणे दाखवा नोटीस मिळाली. गुजरातीत होती. मी शुद्ध मराठीत माफीनामा दिला.

आणि मग त्या खेळाचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली. 'हात कोणाचा, आता कळेल,' अशी जाहिरात. दुसऱ्या कुणी उड्या मारल्या असत्या. मामांनी चष्मा पुसला. "आता? इतकी वर्षं गप्प बसले आणि आता का?" त्या दिवसापासून मामांचा संशय नुसता फोफावला. तारीख पुढे गेली, तर आत काहीतरी गळतंय. तारीख ठरली, तर गळती न काढता वरून रंग मारला. पहिल्या भागाचा दिग्दर्शक कंपनी सोडून गेला हे कळलं तेव्हा ते दोन दिवस पानावर बसून नुसते विचार करत होते. दुसऱ्या भागात तपासनिसाच्या हातात बंदूक दिली आहे हे कळल्यावर तर फारच बिनसलं. "भुताला गोळी लागते म्हटल्यावर ते भूत कसलं? तो गल्लीतला गुंड झाला." चार जणांनी मिळून खेळायची सोय आहे असं मी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "चार जण? मग डबे पण घेऊन जा म्हणावं."

इंटरनेटवर चाहत्यांची एक चावडी होती, तिथे मामा लिहायला लागले. बाकीचे पोरसवदा लोक चार शब्द आणि सहा चित्रं टाकून मोकळे होत. मामांचं लिखाण तपासणी अहवालाच्या इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी शिफारशी. पहिली शिफारस कायम तीच: ऑपरेटरला दोषी ठरवू नये. कुणीतरी लिहिलं, 'सर, तुम्ही ग्रेट आहात.' मामांनी मला फोन केला. "स्तुती करतोय. कंपनीचा माणूस दिसतो." दुसऱ्या एकाने लिहिलं की ऑपरेटरच खुनी हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर मामांनी सतरा कलमांचं उत्तर पाठवलं आणि संध्याकाळी फिरायला न जाता बसून राहिले. एका खेळातल्या माणसाची एवढी काळजी का, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. मला ती निवृत्त माणसाची हौस वाटत होती. मी ऑफिसात मामांच्या नकला करून दाखवायचो आणि टाळ्या मिळवायचो.

मधे एकदा आशेचा किरणही दिसला. जाहिरातीच्या नव्या चित्रफितीत तो हात पुन्हा दाखवला होता. मामांनी ती पन्नासेक वेळा थांबवून थांबवून पाहिली आणि मला ऑफिसातून बोलावून घेतलं. "जावईबुवा, चाक कुणीकडे फिरतंय?" मी म्हणालो, उजवीकडे. "उजवीकडे! साऱ्या दुनियेत व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो. म्हणजे हात चाक बंद करतोय! वाचवायला बघतोय कुणीतरी!" मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पेढ्यांचा वास न घेता पेढे वाटले. दोन दिवसांनी पुन्हा अंधार. "चित्र काढणाऱ्याची चूकच असेल. पहिल्या भागातली माणसं गेली ने. नव्यांना डावं-उजवं कुठे कळतंय." मग पुन्हा आशा, मग पुन्हा संशय. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा खेळ एकदाचा येऊ दे बाबा. तो हात कुणाचा का असेना, माझ्या घरातून जाऊ दे."

खेळ आला. तीन शनिवार मी दाराशी बसलो. तिसऱ्या शनिवारी चार वाजायच्या सुमाराला मी हाक मारली, "मामा?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. नियमाप्रमाणे मी बोंब ठोकायला हवी होती; मी नुसता धावत आत गेलो. मामा खुर्चीत ताठ बसले होते. पडद्यावर हातमोजा काढलेला हात होता, त्यावर ऑपरेटरचं गोंदण. हात त्याचाच. आणि समोर तो ऑपरेटर, आता अक्राळविक्राळ झालेला, छाती पुढे काढून उभा, आणि पडद्याच्या तळाशी सूचना, की गोळी झाडा. "याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही," मामा म्हणाले. त्यांनी हातातलं खेळण्याचं साधन टीपॉयवर ठेवून दिलं.

"मामा, खेळ आहे हो तो," मी म्हणालो.

मामांनी कॅलेंडरचं पान ओढलं, मागच्या बाजूला दोन शब्द लिहिले आणि पान माझ्यापुढे धरलं. 'टाकी खाली.' "तुमचं मराठी पक्कं आहे ने? वाचा. अर्थ काय?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. "टाकीच्या खाली. खरं तर जोडून लिहायला हवं, टाकीखाली. पण अर्थ तोच."

"आणि गुजरातीत?"

"टाकी रिकामी," मी म्हणालो. 

मग मामांनी सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळीला त्यांचा एक सोबती होता, जळगावकडून नव्याने आलेला, त्यांच्याच वयाचा. सकाळी पाळी बदलताना मामा आले. दाराबाहेरच्या पाटीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टाकी खाली'. कारखान्यात सगळा व्यवहार गुजराती आणि हिंदीत, तिथे खाली म्हणजे रिकामी. टाकी रिकामी झाली की वाफेने धुवायची, ही रोजची पद्धत. मामांनी पाटी पुसली, वर गेले आणि वाफेचं चाक फिरवलं. सोबती टाकीखाली होता. खालचा गळका सांधा घट्ट करायला उतरला होता आणि कुठे आहे ते मराठीत लिहून गेला होता. तो वाचला, पण सांध्यातून फुटलेल्या वाफेने दोन्ही हात आणि पाय भाजले. दुपारी साहेबांनी मामांना विचारलं, पाटीवर काय होतं? मामांनी सांगितलं, "टाकी खाली." साहेबांनी लिहून घेतलं: कामगाराने टाकी रिकामी असल्याचं कळवलं आणि नंतर परवानगी न घेता टाकीच्या तळाशी उतरला. दोष कामगाराचा.

"मी एक अक्षर खोटं बोललो नाही," मामा म्हणाले. "तोवर मलाही तसंच वाटत होतं ने. संध्याकाळी घरी आलो. आई म्हणाली, टाकीखाली बादली ठेव रे, नळ गळतोय. मी बादली ठेवली. आणि मग कळलं. बादली भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभा. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. नवीन लग्न, नोकरी पक्की व्हायची होती. उद्या सांगू म्हटलं. मग अहवाल आला, मग त्याची नोकरी गेली, मग तो बायकोच्या माहेरी डभोईला गेला. मग कुठल्या तोंडाने सांगायचं?"

नकला करून मिळवलेल्या टाळ्या मला त्या क्षणी आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "झोपेत बोलतात ने. मी वाट बघत होते, जागेपणी कधी बोलतात." मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "डभोई काय लांब आहे? उद्या सकाळी बस आहे."

सकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी आपत्कालीन दरवाजाची मूठ हलवून पाहिली, कंडक्टरला दोन प्रश्न विचारले आणि मग डभोई येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. विचारत विचारत गेलो, तर किल्ल्याच्या एका दरवाजाजवळ दोरखंड, चाळण्या आणि खराटे विकणारं छोटंसं दुकान होतं. आत एक काटकुळे, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ. बोटं आखडलेली, पण त्याच बोटांनी ते दोरीचं वेटोळं झपाझप करत होते. मामांना पाहून त्यांनी वेटोळं खाली ठेवलं. "काय रे, तपासणीला आला का?" पस्तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला ते असं म्हणाले, जणू कालच भेटले होते.

मामा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, अहवाल वाचून दाखवावा तसं, न थांबता. सोबत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं? तू गुजराती शाळेतला. तू रिकामीच वाचणार. तू आला नाहीस तेव्हा म्हटलं, याला बिचाऱ्याला कळलेलंच दिसत नाही. मग सांगून कशाला जन्माचा घोर लावायचा? म्हणून मीही गप्प बसलो."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलून सुटायची संधी होती, आणि ती समोरून हातात आली होती. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," मामा म्हणाले.

सोबत्यांचं हसू गेलं. "त्याच संध्याकाळी?" "हो." एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याला चाळणी दाखवली, दुसरी दाखवली, ती बांधून दिली. मग दुसऱ्याच कुणासाठी दोरी मोजायला घेतली. आमच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता निघावं. मामा मात्र हलले नाहीत. उन्हात, रस्त्याच्या कडेला, दुखऱ्या गुडघ्यावर उभे राहिले. बऱ्याच वेळाने सोबती दोरीकडे बघतच म्हणाले, "बस की. उभा काय राहिला." आणि आणखी थोड्या वेळाने, "मग आजच कसं सुचलं तुला?"

मामांनी त्यांना खेळाची गोष्ट सांगितली. पहिला भाग, हात, दुसरा भाग. सोबत्यांना आधी काही उमगेना, मग गोडी वाटायला लागली. "म्हणजे त्यात मी भूत होतो?" "हो." "आणि तुला धरतो?" "नाही," मामा म्हणाले, "मी त्यात नाहीच. दुसरा माणूस त्यांनी ठेवलाच नाही." सोबती यावर एकदम हसले. "म्हणजे तिथेही सुटला तू!" हसता हसता त्यांना खोकला आला, मामा त्यांची पाठ चोळायला उठले, आणि पाठ चोळता चोळता मामाच रडायला लागले. दुकानासमोरून जाणारी माणसं बघत होती. मी चाळण्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिलो.

सगळं तिथे मिटलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर महिनाभर मामांनी दोन-तीनदा फोन केला, तर सोबत्यांनी एकदा उचलला, एकदा नाही. मामा वाट बघत राहिले. चावडीवर त्यांनी लिहिणं बंद केलं. दुसऱ्या भागाबद्दल लोक तावातावाने भांडत होते आणि सतरा कलमांचे अहवाल लिहिणारे ते बडोद्याचे गृहस्थ कुठे गेले असं कुणीतरी विचारतही होतं. मी ते वाचून दाखवलं तरी मामांनी नुसतं "असू दे" म्हटलं. मग एका शनिवारी दुपारी, फोन न करता, सोबती आले. हातात नव्या सुंभाची गुंडाळी, मामींना वाळवणासाठी. बसल्या बसल्या म्हणाले, "दाखव बरं तो तुझा कारखाना. पहिला. दुसरा नको."

मी सवयीने दाराशी खुर्ची टाकली. दोघं शेजारी शेजारी बसले. मामा खेळत होते आणि सोबती त्यांना वाट दाखवत होते, "इकडे नको, तिकडे वाफेची लाइन असेल." दोघांनी मिळून ढिल्या नटांना इतक्या शिव्या घातल्या की मागून येणाऱ्या भुताकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग तो प्रसंग आला. हातमोजा घातलेला हात, समोर चाक. मामांचा अंगठा बटणाशी थांबला. सोबती पुढे वाकून पडद्याकडे पाहत होते.

"नाही फिरवलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर काही नाही. खेळ पुढे जात नाही. नुसता थांबून राहतो."

"किती वेळ?"

"कितीही."

सोबत्यांनी आपला आखडलेला हात मामांच्या अंगठ्यावर ठेवला. "मग राहू दे," ते म्हणाले. मामी चहा घेऊन आल्या. मग त्या दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. त्या वेळचे साहेब, कँटीनचा पांचट चहा, कोण गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली. मी दहा मिनिटांनी हाक मारायची ती मारली नाही. त्या दिवशी दिवे लावायचे राहिले होते; ऊन उतरून खोलीत टीव्हीच्या पडद्याचाच उजेड उरला तरी ते दोघं बोलत होते. पडद्यावरचा हात चाकावर तसाच होता, आणि खाली कुणीही ओरडत नव्हतं.